मॅनेजरचं स्थळ

आमच्या घरात इंग्रजी शब्द फार नव्हते. बॅटरी, इष्टी, मोटार, टाकी, इंजेक्शन एवढ्यावर आमचं भागत होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द बोट दाखवून सांगता येत होता. ज्याच्याकडे बोट दाखवता येईना असा पहिला शब्द घेऊन आला किसनमामा, माझ्या आईचा भाऊ. जालन्याच्या मोंढ्यात तो हमाली आणि दलालीच्या मधलं काहीतरी करायचा आणि आमच्या गावाला आला की पाय न धुता आधी बातमी सांगायचा. त्या दिवशी जाफराबादहून जीपनं आला, ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, “कौसीला जागा आणली. पोरगा म्यानेजर हाय.”

कौसी म्हणजे कौसल्या, माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचे. ती गोठ्याच्या दारात शेळीचं दूध काढत होती आणि तिचा हात क्षणभरही थांबला नाही, हे मला आठवतं, कारण बाकी सगळं घर थांबलं होतं. आबा म्हणजे आमचे वडील. आजोबांची जिंदगी मेंढरांमागं आणि सामान लादलेल्या दोन तट्टांमागं गेली. आबांनी जमीन घेतली, कापूस लावला, मेंढरं कमी केली, पण खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा धाक त्यांच्या मनातून गेला नाही. “म्यानेजर म्हंजे तहसीलदाराच्या वरचा का खालचा?” त्यांनी विचारलं. “त्याचं खातंच येगळं,” मामा म्हणाला. “त्याला वरचा-खालचा न्हाई. सगळे त्याला इच्चारून करतात.” एवढ्यानं आबांचं समाधान झालं. आईला वाटलं, मॅनेजर म्हणजे पंख्याखाली बसून चहा पिणारा. चुलत्याला वाटलं, ज्याच्या सहीनं कामं होतात तो. शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, “व्यवस्थापक,” आणि एका न कळलेल्या शब्दाच्या जागी दुसरा न कळलेला शब्द ठेवून मोठ्या तृप्तीनं पान खात निघून गेले. शेजारची गयाबाई तेवढी म्हणाली, “अवो, पर कशाचा म्यानेजर?” मामा तिच्याकडे न बघता म्हणाला, “जालन्याचा.” पुढं कुणी काही विचारलं नाही. पुढं पस्तीस-एक वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवलं, पण शब्दानं माणसं इतक्या स्वस्तात गप्प बसलेली पुन्हा पाहिली नाहीत.

त्याच्या आधी तीर्थपुरीच्या एका टेलरचं स्थळ येऊन गेलं होतं. तोही इंग्रजीच शब्द, पण टेलर काय करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्याच्या आड आलं. तो मुलगा आमच्याकडे जेवला, ठेच्यानं नाकाडोळ्यांतून पाणी येऊनही त्यानं आणखी मागितला, आणि अक्काच्या पोलक्याची शिवण बघून “हे कुणी शिवलं?” म्हणून विचारलं. अक्कानंच शिवलं होतं. ती हसल्याचं मी पाहिलं. पण आबा म्हणाले, “शिंप्याचं काम करतो,” आणि विषय संपला. जे कळतं ते हलकं आणि जे कळत नाही ते भारी, असा आमच्या घराचा हिशेब होता. आमच्याच का, अजूनही सगळ्यांचाच आहे. माझ्या आत्ताच्या शेजारणीचा मुलगा ‘रिलेशनशिप मॅनेजर’ आहे. दिवसभर उन्हात मोटरसायकलवर लोकांच्या दारी जाऊन बँकेच्या कागदांवर सह्या घेतो, शिव्या खातो, आणि रात्री आई त्याला गरम पाण्यात पाय ठेवायला देते. रिलेशन कुणाशी, असं मी एकदा विचारलं, तर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

तर मॅनेजर अक्काला बघायला आले. नाव दिनकर. टेरिलिनची पँट, खिशाला दोन पेनं, आणि बसण्याआधी खुर्चीवर रुमाल झटकायची सवय. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी, कुरडया, भज्यांचं ताट वेगळं. पाट्यावर पुरण वाटायचा आवाज सकाळपासून गल्लीत जात होता आणि प्रत्येक घराला कळत होतं की आमच्याकडे कुणी मोठं येणार आहे. जेवताना ते बोलले नाहीत. मोठी माणसं बोलत नसतात असं आबांनी डोळ्यांनीच आम्हाला समजावलं. हात धुतल्यावर त्यांनी अक्काला एकच प्रश्न विचारला. “घर मॅनेज करता येईल?” अक्काला तो शब्द कळला नाही. तिनं मान हलवली. तो होकार धरला गेला. लग्नात लाऊडस्पीकरवरून नवऱ्या मुलाचं नाव एकदाच घेतलं गेलं. बाकी सगळा वेळ मॅनेजर साहेब आले, मॅनेजर साहेब बसले, मॅनेजर साहेबांच्या पंगतीला येसर वाढा. येसराच्या आमटीच्या वासानं भरलेल्या त्या मांडवात आबा इतके ताठ चालत होते की मला वाटलं, लग्न त्यांचंच आहे.

पुढल्या वर्षी मी दहावी झाले आणि अकरावीसाठी जालन्याला अक्काकडे राहायला गेले. मस्तगडच्या एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढची खोली, मागं चूल आणि मोरी, आणि बोळाकडे उघडणारी गजांची एक खिडकी. संडास बोळाच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. पलीकडे भांड्यांना कल्हई लावणाऱ्याचा भाता सारखा फुसफुसायचा, नळावर बायकांच्या घागरी वाजायच्या, आणि समोरच्या हमीदाखालाच्या घरातून दुपारी बागाऱ्या बैंगनाचा वास यायचा. खाला साठीच्या होत्या, एकट्या होत्या, आणि दारात बसून बोळातल्या सगळ्यांचा कारभार बघायच्या.

गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दाजींना डबा द्यायला गेले, तेव्हा कळलं की ते कशाचे मॅनेजर आहेत. एसटी स्टँडसमोर एक लॉज होतं. गल्ल्यावर शेठ स्वतः बसायचा, पैसे स्वतः घ्यायचा, कुलपं-चाव्या तेवढ्या दाजींकडे. गिऱ्हाइकाला खोली दाखवायची, बादलीभर पाणी द्यायचं, चादर बदलली म्हणून सांगायचं, आणि झाडणाऱ्या बाईवर ओरडायचं. आधी त्यांना ‘दिनकर’ म्हणत. पगार वाढवून मागितला तेव्हा शेठनं पगाराऐवजी हुद्दा वाढवला. हे मला झाडणाऱ्या बाईनंच सांगितलं, पायऱ्यांवर पाणी ओतता ओतता, आणि तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मलाही कामाचं काही वाटलं नाही. आमच्या घरात बादल्या वाहायची लाज कुणालाच नव्हती. पण तो माणूस स्टँडवरून बोळात शिरला की त्याची चाल बदलायची, मान वर जायची, आणि घरात आल्यावर तो शेठ व्हायचा. अक्कानं त्याला ‘अहो’ म्हणायचं नाही, ‘मॅनेजर साहेब’ म्हणायचं. दारात कुणी आलं तर “मॅनेजर साहेब आराम करून राह्यले” असं सांगायचं. फळीवर बोट फिरवून तो धूळ बघायचा. पीठ किती उरलं, रॉकेल किती उरलं, हे रोज विचारायचा आणि उत्तर ऐकून “मॅनेजमेंट बराबर नाही” असं म्हणायचा. अक्का एकदा हळूच म्हणाली, “मंदे, ह्यो शब्द मला कळत न्हाई, पर तो आला की आंगावर काटा येतो.”

एके दिवशी तो दुपारी अचानक घरी आला. अक्का हमीदाखालाच्या दारात बसून लसूण सोलत होती. त्यानं भांडण केलं नाही, हात उगारला नाही. तसं केलं असतं तर निदान बोळ मध्ये पडला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना त्यानं लॉजवरून आणलेलं एक कुलूप बाहेरून लावलं आणि चावी खिशात टाकून निघून गेला. मी सकाळच्या कॉलेजला गेले होते. परत आले तर दाराला कुलूप आणि खिडकीत अक्का. “काय झालं?” मी विचारलं. “मॅनेजमेंट,” ती म्हणाली. संध्याकाळी तो येईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले आणि अक्कानं गजांतून मला भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, आणि मग ती रीतच झाली. अक्का सकाळपासून पाणी प्यायची बंद झाली, कारण संडास बोळाच्या टोकाला होता. लोक विचारतात, तुम्ही कुणी काही केलं कसं नाही? गावी कळवायला अक्का मला देत नव्हती, आणि बोळातले पुरुष म्हणायचे, मोठ्या माणसाच्या घरचा मामला आहे. फक्त खाला खिडकीशी येऊन म्हणायच्या, “कैसा मॅनेजर है गे माय ये? मुर्गी भी दिन में खुली रहती.”

कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती; कुणी उघडतच नसे. रागानं एके दिवशी मी त्यात तो शब्द काढला. अर्ध्या गोष्टी कळल्या नाहीत म्हणून इंग्रजीच्या मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि सांगितलं, की हा शब्द इंग्रजांनी इटलीकडून घेतला, त्याच्या मुळाशी हात आहे, आणि पहिला अर्थ घोडा हाताळणं, घोड्याला वळण लावणं. कचेऱ्या, दुकानं, लॉज हे सगळं मागाहून आलं. मी पळत घरी गेले आणि खिडकीतून अक्काला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली. “म्हंजे घोडेवाला?” तिनं विचारलं. “घोडेवालाच,” मी म्हणाले. ती गज धरून म्हणाली, “ह्याला तट्टू दिलं असतं तर तट्टानं लाथ घातली असती. दिवसभर डांबून ठिवलं की तट्टू चावकं होतं.” मग तिचं हसणं ओसरलं आणि ती आत जाऊन बसली.

त्यानंतर काही दिवसांनी आबा आले, न कळवता. खांद्यावर नव्या ज्वारीचं पोतं, हातात आईनं दिलेल्या धपाट्यांचं फडकं. मी पायरीवर बसले होते. त्यांनी कुलूप बघितलं आणि म्हणाले, “कौसी भायेर गेली व्हय?” आतून अक्का म्हणाली, “मी हितंच हाय, आबा.” त्यांनी पोतं खाली ठेवलं. खिडकीपाशी गेले. अक्कानं गजांतून पाण्याचा तांब्या दिला, पण तांब्या गजांत अडकला, मग तिनं फुलपात्रात ओतून दिलं. ते पाणी प्यायले. मग जे बोलले ते ऐकून मला त्यांची किळस आली, हे मी लपवत नाही. “काही तरी कारण असंल,” ते म्हणाले. “मोठ्या माणसाचं सगळं आपल्याला कळत न्हाई.” समोरून खाला म्हणाल्या, “पत्थर दूँ क्या भाई? दो वार में टूटता ताला.” आबा घाईनं म्हणाले, “न्हाई न्हाई. जावयाचं कुलूप हाय. म्यानेजर माणूस.”

तेव्हा अक्का बोलली. आवाज चढवला नाही. “आबा, म्यानेजर म्हंजे काय ठावं हाय का तुम्हाला?” मग तिनंच सांगितलं, “घोडं हाताळणारा. इंग्रजांच्याच पुस्तकात लिव्हलंय. मंदीनं वाचलंय. म्हंजे आपला दादा म्यानेजर व्हता.” दादा म्हणजे आमचे आजोबा, आबांचे वडील. आबांनी माझ्याकडे बघितलं. “खरं का गं?” “खरं,” मी म्हणाले. ते पायरीवर बसले. फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. आपल्या बापाला उभ्या आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नाही आणि ह्याला आपण लाऊडस्पीकरवरून साहेब म्हटलं, असं काही असेल, किंवा नसेलही. थोड्या वेळानं ते उठले आणि म्हणाले, “मला त्याचं हापिस दाव.”

आम्ही चालत स्टँडवर गेलो. रिक्षावाल्यांच्या गर्दीत मी आबांच्या धोतराकडे बघत चालले होते. लॉजच्या दारात पोचलो तेव्हा शेठ गल्ल्यावरून ओरडत होता, “ओ मॅनेजर, कुठं मेला? आठ नंबरला बादली दे जल्दी.” आणि दाजी जिन्याखालून बादली घेऊन पळत आले. आबांना बघून थांबले. पाणी हिंदकळून त्यांच्या टेरिलिनच्या पँटवर सांडलं. “मामा, तुम्ही?” ते आबांना म्हणाले. “हे आज माणूस आला नाही म्हणून मी… नाहीतर आपलं काम टेबलाचं आहे.” शेठनं मान वर करून बघितलं, टेबल कुठं आहे असं बघावं तसं. आबा म्हणाले, “बादली वाहता म्हणून मी काही म्हणून न्हाई राह्यलो. त्यात काय लाज? चावी द्या.”

“कसली चावी?”

“माझ्या पोरीची.”

दाजी म्हणाले, घरातल्या गोष्टी रस्त्यावर आणू नका, आमची इथं इज्जत आहे. तेवढ्यात झाडणारी बाई झाडू टेकवून उभी राहिली, दोन गिऱ्हाइकं जिन्यात थांबली, आणि शेठनं चावीचं ऐकून विचारलं, “कोणतं कुलूप नेलं रे लॉजचं?” मला वाटतं, आबांच्या डोळ्यांपेक्षा त्या प्रश्नानंच चावी खिशाबाहेर आली. आबांनी ती घेतली. नमस्कार केला नाही. जन्मात पहिल्यांदा खुर्चीवाल्यांच्या दुनियेतून ते नमस्कार न करता बाहेर पडले.

कुलूप उघडल्यावर अक्का आधी बोळाच्या टोकाला गेली. आम्ही सगळे दुसरीकडे बघत उभे राहिलो. परत येऊन तिनं हातपाय धुतले, दोन लुगडी आणि माझी पुस्तकं एका पिशवीत भरली. ज्वारीचं पोतं आबांनी पुन्हा खांद्यावर घेतलं. खाला म्हणाल्या, “इतना वजन वापस ले जाते क्या?” आबा म्हणाले, “हितं कुणासाठी ठेवू?” मग विचार करून ते पोतं त्यांच्याच दारात ठेवलं. कुलूप आणि चावी उंबऱ्यावर टाकून आम्ही शेवटच्या जाफराबाद गाडीला बसलो. गाडीत आम्ही धपाटे खाल्ले. अक्का खिडकीशी बसली होती आणि काच उघडून वारं घेत होती.

पुढं बैठका झाल्या. किसनमामा मध्यस्थ होऊन दाजींना घेऊन आला. दाजी म्हणाले, माझी पोस्ट बघा, समाजात माझं काय राहील. मामा म्हणाला, “म्यानेजर माणसाला असं तोडून चालत न्हाई.” ओट्याच्या कडेला बसलेली गयाबाई म्हणाली, “लॉजचा म्यानेजर व्हता, असं आधी का न्हाई सांगितलं रे किसन?” मामा तिच्यावर खेकसला. अक्का आतून आली, म्हणाली, “मला जायचं न्हाई,” आणि परत पोळपाटाशी जाऊन बसली. एवढंच. गावानं वर्षभर तोंडसुख घेतलं. आबांना पारावर बसणं नको झालं. पण त्यांनी अक्काला जा असं म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नाही.

जाफराबादला स्टँडच्या मागं अक्कानं पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ काढली. मी तोवर औरंगाबादला शिकायला गेले होते, तिच्याच भाकऱ्यांवर. तिथल्या मोठ्या कोशात मला त्या शब्दाचं दुसरं मूळ सापडलं. इटलीच्या घोड्यांबरोबर त्यात फ्रान्सचं घरदारही मिसळलं आहे. घर काटकसरीनं चालवणं हाही त्याचा अर्थ झाला, आणि एके काळी इंग्लंडात नीट घर चालवणाऱ्या बाईला लोक सरळ मॅनेजर म्हणत. मी सुट्टीत येऊन मोठ्या हौसेनं हे अक्काला सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. “मंदे,” ती म्हणाली, “त्या शब्दाला चांगला अर्थ आसंल तर आसू दे. मला नको.” पाटी रंगवणाऱ्यानं खानावळीच्या नावाखाली आपल्या मनानं ‘मॅनेजर’ लिहून आणलं होतं, ते तिनं चुन्यानं पुसून घेतलं.

काही वर्षांनी दाजी तिथं आले. मी होते त्या दिवशी. लॉज बंद पडलं होतं. आता ते कुठल्याशा बियाण्याच्या दुकानासाठी फिरत होते आणि खिशाला अजून दोन पेनं होती. खुर्चीवर रुमाल झटकून बसले. अक्का भाकऱ्या थापत होती, तिनं बघितलं आणि थापत राहिली. वाढणाऱ्या बाईनं ताट ठेवलं. त्यांनी तिला विचारलं, “इथं मॅनेजर कोण आहे?” ती बिचारी गोंधळली. अक्का चुलीवरून म्हणाली, “हितं म्यानेजर न्हाई कुणी. काय पायजे ते सांगा.” त्यांनी काही मागितलं नाही. खाली मान घालून जेवले, वाढणाऱ्या बाईला काहीतरी पुटपुटले, पैसे ठेवले आणि चिखलीच्या गाडीला गेले. मी अक्काला विचारलं, काय म्हणाला तो? तिनं वाढणाऱ्या बाईकडे बघितलं. “आमटी पातळ हाय म्हनले,” बाई म्हणाली.

अक्कानं पळी बुडवून आमटी बघितली. “खोटं न्हाई बोलला,” ती म्हणाली. “आज झालीच पातळ.” आणि तिनं शेंगदाण्याचं कूट मागितलं.